तीन मॉनिटर आणि एक ग्राफिक्स कार्ड: एका रेसिंग सेटअपचा हिशेब

चिंचवडला राहणारे माझे भाऊजी वाहनांच्या ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहेत. दिवसभर गाड्या आणि रात्री जेवण झालं की पुन्हा गाड्याच. संगणकावरचे रेसिंगचे खेळ: आयरेसिंग, असेटो कोर्सा काँपेटिझिओने (सगळे एसीसीच म्हणतात) आणि सुट्टीच्या दिवशी जुनं असेटो कोर्सा. स्टिअरिंग, पेडल, सीटचा सांगाडा असं एकेक करत सगळं जमलं होतं. २०२५ च्या मध्यावर त्यांनी ठरवलं की आता तीन मॉनिटर. एक २७ इंची, १४४०पी (२५६० गुणिले १४४० ठिपक्यांचा), १६५ हर्ट्झचा (सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा) आधीपासून होता, त्याच मॉडेलचे आणखी दोन मागवून झाले आणि मग मला फोन आला.

"अरे, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०७० टीआय घेऊन टाकतो. ग्रुपवर सगळे तेच म्हणतायत. बरोबर ना?"

"भाऊजी, मशीनमध्ये बाकी काय काय आहे ते आधी सांगा."

मशीन असं होतं: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम, ८ जीबीचं आरटीएक्स ३०६० टीआय कार्ड, ६५० वॅटचा पॉवर सप्लाय आणि टेबलाखाली ६०० व्हीएचा यूपीएस. मॉनिटर सोडून बाकी खर्चाची मर्यादा एक लाख. ताईची अट वेगळी होती: भाऊजी आठवड्यातले काही दिवस त्याच टेबलावरून ऑफिसचं काम करतात, तर ते काम अडता कामा नये आणि विजेचं बिल फुगता कामा नये.

५०७० टीआय वाईट आहे असं माझं म्हणणं नव्हतंच. पण तो सल्ला एका मॉनिटरच्या जगातला होता. तीन मॉनिटर आले की कार्डासोबत इतरही काही गोष्टी ताणल्या जातात, आणि पैसे नेमके कुठे टाकायचे हे त्या बघितल्याशिवाय ठरत नाही.

पिक्सेल मोजून घेऊ

२५६० गुणिले १४४० म्हणजे ३६,८६,४०० पिक्सेल. तिप्पट केले की १,१०,५९,२००. ४के पडद्यावर असतात ८२,९४,४००. म्हणजे भाऊजींचे तीन १४४०पी मॉनिटर एका ४के पडद्यापेक्षा एक तृतीयांशाने जड. कार्डांच्या परीक्षणात १४४०पीचा रकाना बघून 'वा, सेकंदाला १५० फ्रेम, म्हणजे चित्रं, मिळतायत' म्हणणाऱ्याची इथे फसगत होते. बघायचा तो ४केचा रकाना, आणि त्यातूनही पाव भाग कापायचा. हेच मॉनिटर १०८०पीचे असते तर तिघांचे मिळून ६२,२०,८०० पिक्सेल झाले असते, ४केच्या पाऊणपट. तेव्हा मधल्या किमतीच्या कार्डावर भागलं असतं आणि हा लेखही निम्मा झाला असता.

पण परीक्षणातली यंत्रं वेगळी, खेळ वेगळे. रेसिंग सिम्युलेटर त्यांत क्वचितच असतात. म्हणून घरातल्याच मशीनवर चाचणी घ्यायची ठरवली, आणि त्यासाठी एक युक्ती फार कामाची आहे. आरटीएक्स कार्डांच्या कंपनीच्या, म्हणजे एनव्हिडियाच्या, कंट्रोल पॅनेलमध्ये डीएसआर नावाची सोय आहे. चित्र मोठ्या आकारात काढायचं आणि मग आटवून मॉनिटरवर दाखवायचं, असं तिचं काम. तिथल्या यादीत ३.०० असा एक गुणक असतो. तो निवडला की १४४०पी मॉनिटरवर ४४३४ गुणिले २४९४ हे रिझोल्यूशन मिळतं, म्हणजे जवळपास नेमके तिप्पट पिक्सेल. दोन मॉनिटर अजून कुरिअरमध्ये असताना त्यांचा पिक्सेलचा भार आम्ही जुन्या कार्डावर टाकून बघितला.

एसीसीमध्ये स्पाचा ट्रॅक, पाऊस, सोबत पंचवीसेक गाड्या आणि आपण रांगेत सगळ्यात मागे, कारण तिथून सगळ्या गाड्या, पाण्याचे फवारे आणि ब्रेकचे दिवे एकदम नजरेसमोर येतात. कार्डाची मेमरी ८ जीबीच असल्याने टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) एक पायरी खाली आणले, नाहीतर मेमरी कमी पडल्यामुळे बसणारे झटके कार्डाच्या ताकदीच्या नावावर लागले असते. फ्रेम तिशी-पस्तिशीत. कार्ड शंभर टक्के राबत होतं. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे.

मग उलटी चाचणी. रिझोल्यूशन ७२०पीवर आणलं. आता कार्डाला काहीच काम नाही, तेव्हा फ्रेम आभाळाला भिडायला हव्यात. रिकाम्या ट्रॅकवर भिडल्याही. पण शर्यत सुरू होताना, सगळ्या गाड्या पहिल्या वळणात घुसत असताना, आकडा शंभरीच्याही खाली आला आणि कार्ड निम्म्याहून कमी राबताना दिसलं. आयरेसिंगमध्ये तर कोपऱ्यात सी आणि जी अशा पट्ट्याच दिसतात, प्रोसेसरची एक आणि कार्डाची एक. गर्दीच्या सुरुवातीला सीची पट्टी वर चढते आणि जी निवांत.

आणि हे सगळं एकाच दृश्यावर चाललं होतं.

तीन मॉनिटर म्हणजे तीन कॅमेरे

ज्यांनी एकच रुंद मॉनिटर वापरला आहे त्यांना हा भाग लगेच पटत नाही. तीन मॉनिटर जोडून ७६८० गुणिले १४४० असं एक लांबलचक चित्र काढता येतं, पण ते सपाट काचेवरचं चित्र असतं. बाजूचे मॉनिटर आपल्याकडे वळवले की त्यांवरची गाडी, कुंपण, झाडं, सगळं रबरासारखं ताणलेलं दिसतं. रस्त्यावरून शेजारून जाणारी गाडी ट्रकएवढी लांब. शर्यतीत बाजूला कोण आहे, किती अंतरावर आहे, हे कळण्यासाठीच तर तीन मॉनिटर घ्यायचे, आणि नेमकं तेच चुकतं.

उपाय असा की प्रत्येक मॉनिटरसाठी वेगळा कॅमेरा मानायचा, त्याचा कोन खऱ्या मॉनिटरच्या कोनाइतका ठेवायचा. कोनाचं गणित सोपं आहे. २७ इंची मॉनिटरची रुंदी साधारण ६० सेंटिमीटर. डोळे मधल्या मॉनिटरपासून ६० सेंटिमीटरवर असले तर एक मॉनिटर नजरेचे ५३ अंश व्यापतो. बाजूचे दोन्ही ५३ अंशांत वळवले की तिन्ही मिळून १५९ अंश. टेप घेऊन डोळ्यापासून काचेपर्यंतचं अंतर मी स्वतः मोजलं, कारण माणसं हे अंतर नेहमी अंदाजाने आणि कमीच सांगतात. डावा मॉनिटर त्या कोनात बसवल्यावर कपाटाचं दार अर्धंच उघडू लागलं, तेव्हा अख्खं टेबल वीतभर उजवीकडे सरकवावं लागलं.

तर तीन कॅमेरे. कार्डाच्या दृष्टीने पिक्सेल तेवढेच राहतात, प्रोसेसरच्या दृष्टीने नाही. कुठली गाडी दिसते, कुठलं झाड दिसतं, कार्डाला काय काय काढायला सांगायचं, हा हिशेब प्रत्येक कॅमेऱ्यासाठी पुन्हा करावा लागतो, आणि गाडीचे आरसे त्यात वेगळे. एनव्हिडियाने २०१६ साली पास्कल पिढीत ह्यावरच एक तोडगा आणला होता: एकदाच पाठवलेली भूमिती कार्डाने स्वतःच वेगवेगळ्या कोनांतून मांडायची. आयरेसिंगने तो वापरला. पण ज्या खेळाने ती सोय करून दिली आहे तिथेच तिचा उपयोग, सरसकट नाही. भाऊजींचा निम्मा वेळ बाकीच्या दोन खेळांत जातो.

म्हणजे एका कॅमेऱ्यावरच ५६०० शंभरीखाली घसरत असेल, तर तीन कॅमेऱ्यांवर गर्दीत त्याचं काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. ५०७० टीआय लावा नाहीतर त्याच्या दुप्पट किमतीचं लावा, पहिल्या वळणावर फ्रेम तेवढ्याच. माझं मत इथेच पक्कं झालं: सगळे पैसे कार्डात ओतायचे नाहीत. काही प्रोसेसरमध्ये जायला हवेत.

सुदैवाने बी४५० बोर्डावर बसणारा रायझन ७ ५७००एक्स३डी अजून मिळत होता. ९६ एमबीचा एलथ्री कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ही त्याची खरी मालमत्ता. रेसिंग सिम्युलेटर कॅशवर जगतात, म्हणून ह्या एक्स३डी मंडळींना त्या वर्तुळात इतका मान. बोर्ड तोच, रॅम तीच, फक्त बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करायचं. नवा बोर्ड, नवी डीडीआर५ रॅम आणि नवा प्रोसेसर हा मार्ग एक लाखात बसत नव्हता, त्यावर मी वेळ घालवला नाही.

बी४५० असल्यामुळे कार्डासाठीचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ३.० चा. त्याची भीती घालणारे बरेच भेटतात. कार्ड पूर्ण सोळा लेनचं (लेन म्हणजे माहिती नेणाऱ्या वाटा) असेल तर ह्या वर्गात फरक किरकोळ पडतो. आठ लेनची स्वस्त कार्डं मात्र जुन्या स्लॉटमध्ये घालू नयेत.

मेमरी: १२ की १६

'तीन मॉनिटर म्हणजे तिप्पट मेमरी' हा समज इतका पसरलाय की दुकानदारही तो बिनदिक्कत सांगतात. प्रत्यक्षात ट्रॅकचे आणि गाड्यांचे टेक्स्चर मेमरीत एकदाच येतात, मॉनिटर एक असो वा तीन. वाढतात ते चित्राच्या आकाराचे थर. उदाहरण घेऊन बघा. दर पिक्सेलला रंगासाठी ८ बाइट, खोलीसाठी ४ बाइट, आणि कडा गुळगुळीत करायला चारपट नमुने. एका मॉनिटरला हे होतात १७७ एमबीच्या आसपास, तिघांना ५३० एमबी. वाढ साडेतीनशे एमबीची. असे आणखी काही थर धरले, रुंद दृश्यामुळे जास्त वस्तू नजरेत येतात हेही धरलं, तरी वाढ एक-दोन जीबीच्या घरात राहते.

त्यामुळे ८ जीबी बाद, १२ जीबीवर चालेल पण टेक्स्चर निवडताना हात आखडता, १६ जीबी निवांत. २४ जीबीची भाऊजींना गरज नव्हती.

यादी आणि काटछाट

आरटीएक्स ५०७०, १२ जीबी. २०२५ मधली भारतातली जाहीर किंमत ५९,००० रुपये. ४केला हे कार्ड भाऊजींच्या ३०६० टीआयच्या दुपटीच्या जरा अलीकडे थांबतं. तिशी-पस्तिशीची दुप्पट म्हणजे साठ-पासष्ट, तेही कसंबसं. मेमरीही काठावर. बाद.

आरटीएक्स ५०७० टीआय, १६ जीबी, मेमरीचा वेग सेकंदाला ८९६ जीबी, ३०० वॅट. जाहीर किंमत ८०,०००, दुकानात त्याहून वर. ताकदीने उत्तम, पण ते घेतलं की लाखात प्रोसेसरला जागा उरत नाही.

एएमडीचं रेडिऑन आरएक्स ९०७० एक्सटी, १६ जीबी, ३०४ वॅट. अमेरिकेतली जाहीर किंमत ५९९ डॉलर, ५०७० टीआयची ७४९. आमच्या खरेदीच्या वेळी इथे दोघांत पंधरा-एक हजारांचं अंतर होतं. ४केच्या साध्या चित्रणात ते ५०७० टीआयच्या थोडंच मागे असतं. किरणरेखन (रे ट्रेसिंग, प्रकाशाच्या किरणांचा हिशेब करून चित्र काढणं) लावलं की अंतर वाढतं, पण भाऊजींच्या तिन्ही खेळांत तो विषयच नाही.

मागच्या पिढीचं आरएक्स ७९०० एक्सटीएक्स, २४ जीबी, एकाने जुनं देऊ केलं होतं. ताकद भरपूर. पण ३५५ वॅट, आणि एकाहून अधिक वेगवान मॉनिटर जोडले की रिकाम्या वेळीही वीज खाण्याबद्दल त्या मालिकेची सुरुवातीला बरीच चर्चा झाली होती. वॉरंटी संपत आलेली. ताईच्या अटीवरच ते पडलं.

डीएलएसएस आणि एफएसआर (कमी पिक्सेलचं चित्र काढून ते मोठं करणाऱ्या सोयी) ह्यांवरून वाद घालणारे खूप आहेत. माझ्या मते सिम्युलेटरसाठी तो मुद्दा दुय्यम. दूरच्या वळणावरची ब्रेकची पाटी धूसर झाली तर उपयोग काय? आणि मधल्यामध्ये कृत्रिम फ्रेम घालणारी सोय आकडा वाढवते, स्टिअरिंग फिरवल्यापासून चित्र हलेपर्यंतचा वेळ कमी करत नाही.

ऑफिसातल्या एकाने भाऊजींना 'दोन कार्डं जोडा' असंही सुचवलं होतं. हा सल्ला कुठून येतो ते मला ठाऊक आहे. एएमडीने २००९ मध्ये रेडिऑन एचडी ५८७० सोबत आयफिनिटी आणलं, एका कार्डावर तीन मॉनिटर. पुढच्या वर्षी एनव्हिडियाचं सराउंड आलं, पण त्याला तेव्हा खरोखरच दोन कार्डं लागत. २०१२ च्या जीटीएक्स ६८० पासून ती अट गेली. आज दोन कार्डं जोडून खेळ चालवायची सोयच दोन्ही कंपन्यांनी मोडीत काढली आहे, सल्ला मात्र अजून जिवंत आहे.

४९ इंची एकच वक्र मॉनिटर हा खरा पर्याय होता. ५१२० गुणिले १४४० म्हणजे पिक्सेल दोन तृतीयांश, कॅमेरा एक, वायर एक. मॉनिटर आधीच मागवले नसते तर मी त्याचा आग्रह धरला असता.

खोक्याची मागची बाजू

९०७० एक्सटी ठरलं, पण कुठलं? एकच चिप वेगवेगळ्या कंपन्या आपापल्या कार्डावर बसवतात. मागे जोडण्याही आपल्या मर्जीने देतात. काहींना तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय, काहींना दोन आणि दोन. दुकानदार पंख्यांची संख्या आणि दिव्यांचे रंग सांगतो, हे कुणी सांगत नाही.

भाऊजींच्या मॉनिटरला एक डिस्प्लेपोर्ट १.४ आणि एचडीएमआय २.०. एचडीएमआय २.० मधून प्रत्यक्ष चित्रासाठी सेकंदाला १४.४ गिगाबिट जातात. १४४०पी, १६५ हर्ट्झ, आठ बिट रंग, ह्याला नुसत्या पिक्सेलचेच १४.६ गिगाबिट लागतात. बसत नाही. १४४ हर्ट्झ बसतं. डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये २५.९ गिगाबिटची वाट आहे, तिथे प्रश्नच नाही. दोन-दोनवालं कार्ड घेतलं असतं तर तिसरा मॉनिटर एचडीएमआयवर गेला असता, आणि तिघांना एका सुरात ठेवायचं तर बाकीचे दोनही १४४ वर आणावे लागले असते. आभाळ कोसळलं नसतं. पण तीन मॉनिटरमधला एक वेगळ्या वाटेने जोडलेला असला की फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग फ्रेमच्या वेगाशी जुळवणारी सोय), रंग, झोपेतून उठायची वेळ, प्रत्येक ठिकाणी तो वेगळं वागतो, आणि मग तो दोष शोधायला मला चिंचवडला जावं लागतं. तीन डिस्प्लेपोर्टचं मॉडेल थोडं महाग होतं, तेच घेतलं. उरलेल्या एचडीएमआयवर टायरचं तापमान आणि इंधन दाखवणारा छोटा पडदा लागला.

एनव्हिडिया घेणाऱ्यांनी हे जास्तच लक्षात ठेवावं, कारण जुन्या एचडीएमआयवरचं फ्रीसिंक एएमडी चालवतं, एनव्हिडिया चालवत नाही.

वीज

कार्ड बनवणाऱ्याची शिफारस ७५० वॅटच्या पॉवर सप्लायची, तो बदलला. यूपीएसची गोष्ट अधिक गंभीर होती. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमधून ३६० वॅटच मिळतात. नवं मशीन भर शर्यतीत, तीन मॉनिटर आणि स्टिअरिंगची मोटर धरून, ५०० च्या पुढे सहज जातं. दिवे गेल्याक्षणी तो यूपीएस आधी आडवा झाला असता. मोठा यूपीएस जुन्या कार्डाच्या आणि प्रोसेसरच्या विक्रीतून आला.

ताईच्या अटीसाठी वेगळं बघावं लागलं. तीन वेगवान मॉनिटर असले की कार्डाची मेमरी नुसत्या डेस्कटॉपवरही पूर्ण वेगात राहू शकते. हा फरक ४० वॅटचा धरला, रोज दहा तास आणि महिन्याचे २६ दिवस धरले, तर १०.४ युनिट होतात. एरवी हा आकडा किरकोळ, पण त्यांचं घर उन्हाळ्यात तीनशे युनिटच्या टप्प्यावर रेंगाळतं आणि तो ओलांडला की महावितरणचा दर चढतो. कामाच्या वेळी तिन्ही मॉनिटर ६० हर्ट्झवर आणि खेळताना १६५ वर, अशी दोन प्रोफाइल करून दिली. एक्सेलला १६५ हर्ट्झ कशाला?

तीन मॉनिटरचा एकच मोठा डेस्कटॉप करणारी आयफिनिटीची जोडणीही फक्त खेळाच्या प्रोफाइलमध्ये ठेवली. नाहीतर मीटिंगची खिडकी मोठी केली की ती तिन्ही मॉनिटरवर पसरते आणि साहेबांचा चेहरा दीड मीटर रुंद होतो. मॉनिटरांच्या चौकटीची भरपाई (चित्राचा चौकटीआड जाणारा भाग वगळणं) ड्रायव्हर आणि खेळ ह्यांपैकी एकाच ठिकाणी करायची. दोन्हीकडे केली की रस्ता जोडांवर तुटतो.

आता एसीसीमध्ये सावल्या मध्यम, आरशांचा दर्जा खालचा, बाकी बरंचसं उच्च. पावसात, रांगेच्या शेवटून सुरुवात केली तरी सत्तरीच्या खाली जात नाही, मोकळ्या ट्रॅकवर नव्वदीच्या पुढे. जुनं असेटो कोर्सा आणि आयरेसिंग त्याहून बरेच हलके आहेत. डावा मॉनिटर पहिल्या आठवड्यात अधूनमधून क्षणभर काळा पडायचा. कार्डावर संशय येण्याआधी डावी-उजवी वायर अदलाबदल केली, तर रोग उजवीकडे गेला. टेबल सरकवल्यामुळे तिथे वापरलेली तीन मीटरची स्वस्त वायर होती. प्रमाणित, दोन मीटरची आणली, आणि ती पुरावी म्हणून कॅबिनेट टेबलाखालून काढून डाव्या बाजूला स्टुलावर ठेवलं.